गाद्यांची बेगमी

माणसं जंतूंमुळे आजारी पडतात हे साफ खोटं आहे. ती आजारी पडतात उशा, पडदे, पायपुसणी आणि कपाटामागची भिंत यांच्यामुळे, असं छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ अख्ख्या रत्नागिरीत असतील आणि नेमकी मी त्यांचीच भाडेकरू झाले. आमचे घरमालक काका बस डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईला. खाली ते एकटे, वर मी. मी सामान घेऊन आले त्या दिवशी त्यांनी मला कुठली, काय करतेस, एवढंही विचारलं नाही. जिन्यात उभे राहून माझी उशी हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "किती वर्षांची ही?"

"असेल सहा-सात वर्षांची."

"म्हणजे सहा-सात वर्षांचा घाम, कोंडा नि धूळ. इंजिनाचा एअर फिल्टर आम्ही दर खेपेला झटकायचो गो. माणसाला फिल्टर नाही म्हणून काय त्याने काहीही ओढायचं?"

संध्याकाळी नवी उशी माझ्या दाराशी होती. जुनी कुठे गेली, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

त्यांच्या घरातलं एकही कपाट भिंतीला टेकलेलं नव्हतं. वीतभर अंतर सोडून सगळी कपाटं अशी मधेच उभी की, नवख्या पाहुण्याने विचारावं, "घर बदलताय वाटतं?" भिंतीला ओल धरते, ओलीला बुरशी येते आणि बुरशी माणसाच्या छातीत जाऊन बसते, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की, मी ते झोपेतही म्हटलं असतं. डासांच्या कॉइलला घरात बंदी. एकदा मी चोरून लावली, तर पाचव्या मिनिटाला काका खालून वर हजर, हातात मच्छरदाणी. ती त्यांनी खिळ्यांना बांधली. जाताना म्हणाले, "डास रक्त पितो, ते परत भरतं. धुराने गेलेली छाती नाही भरत. समजलीस?"

मे महिन्यात मात्र त्यांना खरा चेव यायचा. आजूबाजूची घरं पावसाळ्याच्या बेगमीला लागलेली असायची. घरामागच्या कातळावर कुणाची कोकमं, कुणाची आंबापोळी, कुणाची सुकी मासळी उन्हाला पडलेली असायची. त्या सगळ्यांच्या मधोमध आमच्या काकांच्या गाद्या, रजया, उशा आणि अडगळीतली पुस्तकं. दर तासाला जाऊन ते त्या पापडांसारख्या उलटायचे. एका वर्षी वाऱ्याची दिशा जोखण्यात मेकॅनिकसाहेब चुकले आणि शेजारच्या काकूंच्या बोंबलांचा सगळा वास माझ्या गादीत उतरला. आठवडाभर ऑफिसात माझ्या शेजारी कुणी बसेना. मी तक्रार केली तर म्हणतात कसे, "वासाने कोण मेलाय काय? धूळ तर गेली!"

मी हसायचे. मैत्रिणींना फोनवर त्यांची नक्कल करून दाखवायचे. आज त्याची लाज वाटते, कारण हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला दोन वर्षं ठाऊकच नव्हतं.

ते शेजारच्या काकूंनीच सांगितलं. काकांची नात चार वर्षांची असताना गणपतीला आली होती. भर दुपारी तिचा श्वास अडकला, ओठ निळे पडले, रिक्षातून दवाखान्यात न्यावं लागलं. पोर वाचली. पण त्यानंतर मुलगा-सून गणपतीला आले की भाट्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरायचे, आरतीपुरते घरी यायचे आणि पोरीला घेऊन परत जायचे. सुनेला तरी काय बोलणार? जिने लेकराचे ओठ निळे पडताना पाहिले, ती धोका कसा पत्करेल? मी काकांपाशी हळूच विषय काढला, तेव्हा ते बराच वेळ पंख्याची पाती पुसत राहिले. मग म्हणाले, "गुन्हेगार कोण, ते कळलंच नाही गो. धूप होता, मांजर होती, भिंतीला ओल होती. आणि ट्रंकेतली हिची गोधडी... ती मीच काढून पोरीच्या अंगावर घातली होती." एक वस्तू सापडत नव्हती म्हणून या माणसाने सगळ्या घरावरच संशय घेतला होता.

एरवी गणपतीला मी माझ्या गावी जायचे, त्या वर्षीचा मात्र इथेच पाहिला. घरात धूप नाही, उदबत्ती नाही. भटजी कुरकुरले, "अहो, देवाला कळायचं कसं?" काका म्हणाले, "आरती मोठ्याने म्हणा. देवाचे कान सुपाएवढे आहेत!" नात आता आठ वर्षांची झाली होती. शेवटच्या दिवशी चार मोदक हाणून ती आतल्या खोलीत गेली आणि तिथल्या खाटेवर सरळ झोपून गेली. सून घाईने उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. दारात काका स्टूल टाकून बसले होते. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. इंजिनाचा आवाज ऐकत बसावं, तसे ते पोरीचा श्वास ऐकत होते. सून मागे फिरली. गाडीवाला बाहेर ताटकळत होता. तासभर गेला, पोरगी एकदाही खोकली नाही. शेवटी मुलगा त्यांच्यामागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी आपण घरीच उतरू."

चार वर्षं ज्या वाक्यासाठी हा माणूस जिवाचं रान करत होता, ते वाक्य आलं आणि त्यांनी मागे न बघताच तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल. ती झोपलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले. उगाच इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "काल तो काय म्हणाला गो? तू तिथेच होतीस ना?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खाली गेले.

त्या हिवाळ्यात माझी बदली झाली. इथे माझ्या खोकल्याची दखल घेणारं कुणी नाही, आणि तो जिन्यावरचा पायरव ऐकू यावा म्हणून जीव तुटतो. दर रविवारी त्यांचा फोन येतो. माझ्या तब्येतीची चौकशी होते, पावसाची होते. मग थोडा वेळ ते नुसतेच थांबतात. मला कळतं. गणपतीला अजून दोन महिने आहेत. मी त्यांच्या मुलाचे शब्द जसेच्या तसे पुन्हा सांगते, "बाबा, पुढच्या वर्षी आपण घरीच उतरू," आणि पलीकडून ते म्हणतात, "हां. असंच म्हणाला होता ना?"