नाव बदललेलं पान

घाटंजीत घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी ब्राउझर तपासायची. इंटरनेटवरची पानं ज्या अ‍ॅपमधून उघडतात ते अ‍ॅप ठरलेल्या नियमांनुसार पान दाखवतं का, आणि किती वेगानं, एवढंच पाहायचं. स्वस्त फोनांसाठी निघालेल्या एका नव्या ब्राउझरला मी तीनदा 'उत्तीर्ण' लिहून दिलं. वेगाच्या चाचणीत तो सगळ्यांच्या पुढे होता. मला त्याचं कौतुक वाटलं होतं, हे आठवलं की लाज वाटते.

एका दुपारी शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या. त्या अंगणवाडी सेविका. मुलीचा वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता.

"पाय बरं, सकाळपासून हे नुसतं गोल फिरून राह्यलं. मलेच जमत नाही का वं?"

पाहिलं तर तोच ब्राउझर. फोनसोबतच आलेला.

"तुमचं काही चुकलं नाही काकू," मी म्हटलं. दुसऱ्या ब्राउझरमधून अर्ज भरून दिला. मग त्यांच्याच फोनवर वेगाची चाचणी लावली. उत्तम गुण! साधा अर्ज उघडत नाही आणि चाचणी मात्र धावते?

ही चाचणी म्हणजेही इंटरनेटवरचं एक पानच. मी त्या पानाची नक्कल केली आणि फक्त नाव बदललं. गुण निम्म्याच्याही खाली आले. जुनं नाव दिलं, पुन्हा धावला. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच. चाचणीचं नाव ओळखून तो अर्धं काम न करताच पुढे सरकत होता.

काकू चहा पीत बघत होत्या. "कापसाच्या गाडीत असंच भरतात. वर पांढराशुभ्र, खाली सारी किडकी कवडी."

मी लगेच पुण्याला कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

"छान शोधलंत," ते म्हणाले, "पण अहवालात नको. ब्राउझरवाले आपले ग्राहक, ते दुखावतील."

"मग मी तपासते कशाला?"

"मॅडम, तुम्ही चाचणी लावायची, आकडा लिहायचा. थोडंफार सगळेच करतात." आणि ते हसले. मोकळेपणानं, जणू मी काही गोड चूक केली होती.

त्या ब्राउझरच्या पुढच्या अहवालात मी दोन्ही आकडे लिहिले. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा खालचा आकडा पुसलेला होता आणि माझ्या नावासमोर 'उत्तीर्ण' होतं. मला राग आला नाही, शिसारी आली. माझं नाव काढा, असं कळवलं. पाच मिनिटांत काढलं आणि तिथं दुसऱ्या कुणाचं घातलं. ज्या सहजतेनं काढलं त्याचीच जास्त किळस वाटली.

मी ते काम सोडलं. आधीचे तीन अहवाल मागे घ्या म्हणून दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. ते अजून तसेच आहेत, माझ्या नावानं. साहेबांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या तीन वेळांत एकदाही मी एखादा खरा अर्ज उघडून पाहिला नव्हता. चाचणी लावली, आकडा लिहिला आणि जेवायला गेले.