बालाजीरावांचा दगड

बालाजीराव मला फारसे ठाऊक नव्हते. चेन्नईच्या आवडी उपनगराजवळच्या तळ्यावर रोज सकाळी भेटायचे, एवढंच. त्यांना मुलं किती, हेही मला ते गेल्यावर कळलं. तरी इथल्या मराठी मंडळाने स्मरणिकेसाठी त्यांच्यावरचा मजकूर माझ्याकडेच मागितला. बाकीचे कोणी फिरायलाच जात नाहीत.

ते तंजावरकडचे मराठी, ‘आहे’ला ‘अहे’ म्हणणारे, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. घरी पहाटे टीव्ही, मिक्सर आणि त्यांच्या पत्नी सईबाई एकदमच सुरू होत. म्हणून ते फ्लास्कमध्ये कॉफी घेऊन बांधावरच्या एका दगडावर येऊन बसत. आयुष्यात त्यांना तेवढंच हवं होतं, असं मला वाटतं. चुकतही असेन.

मग तळ्यावर शाश्वत पर्यटन आलं. कुंपण झालं, तिकीट लागलं, फाटक नऊला उघडू लागलं. पर्यटनाची समिती शहरातल्या उच्चभ्रू नुंगंबाक्कमहून गाड्या भरून येई आणि एसी चालू ठेवून प्रदूषणावर बोले. लोकसहभाग दाखवल्याशिवाय निधी मिळत नव्हता, आणि लोक तर सगळे कुंपणाबाहेर. एके सकाळी फाटकाशी ताटकळलेले बालाजीराव त्यांना दिसले.

“तुम्ही स्थानिक का?” समितीच्या श्रीरंजनीबाईंनी विचारलं.

“दगडावर बसू देणार असाल तर स्थानिक.”

हिरवा टी-शर्ट मिळाला, पहाटे आत जायची परवानगी मिळाली. बदल्यात पर्यटकांना पारंपरिक ज्ञान द्यायचं. बालाजीरावांना पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. दिसेल त्याला ते ‘कोक्कु’ म्हणत, म्हणजे तमिळमध्ये बगळा. एकदा पाणकावळा दाखवूनही तेच सांगितलं.

“अहो, तो काळा आहे,” मी कुजबुजलो.

“उन्हाने झाला. गप बसा हो, लिहून घेतायत ते.”

अहवालात ‘काळा बगळा : स्थानिक संज्ञा’ असं छापूनही आलं. समिती इतकी खूश झाली की तिने दगडाचाच गौरव केला. भोवती साखळी, समोर फलक : ‘स्थानिक ज्येष्ठांची बैठक. येथे बसू नये.’

आमची शेवटची भेट त्याच आठवड्यातली. मी तिकीट काढून आत गेलो. बालाजीराव साखळीपाशी फ्लास्क धरून उभे होते.

“बसा की. तुमचाच तर दगड.”

“म्हणूनच बंदी अहे.”

“मग आता?”

“उभ्याने पितो. तुम्हाला घालू थोडी?”

“नको, मी घेऊनच निघालोय.”

“बरं. मग उद्या.”