अंगठा की चिमूट

विमान उडतं सात मिनिटं आणि त्याच्याबद्दल बोलणं चालतं सात वर्षं. आमच्या माळावर हे असंच आहे. बॅटरी उतरली की ती चार्ज होईपर्यंत करायचं काय? बाभळीखाली सतरंजी टाकायची, थर्मासमधला चहा ओतायचा आणि बोलत बसायचं. त्यामुळे आमच्याकडं विमानं कमी आणि किस्से फार. विमानं मोडतात. किस्से मोडत नाहीत, उलट दर रविवारी त्यांना एखादा नवीन तुकडा चिकटतो.

आधी माणसं सांगतो. रहिमतपूरच्या बाहेर एक मुरमाड माळ आहे, तिथं आम्ही चौघं रिमोटवर उडणारी विमानं उडवतो. मी दिलीप. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. दुसरे सुभेदार. लष्करातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. तिसरे अण्णा, सांगलीकडचे जैन, हळदीचे व्यापारी. विमान गाडीच्या मागच्या सीटवर पोरासारखं झोपवून आणतात. चौथे डॉक्टर, साताऱ्याचे, दातांचे.

आमचे निम्मे किस्से एकाच भांडणातून निघालेले आहेत. ट्रान्समीटरला, म्हणजे हातातल्या रिमोटला, दोन दांड्या असतात. डावीनं मोटरचा वेग आणि शेपटी, उजवीनं विमान वर-खाली आणि आडवं. काहीजण दांडीच्या डोक्यावर नुसता अंगठा ठेवतात. काहीजण अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत ती धरतात. अण्णा अंगठ्याचे, सुभेदार चिमटीचे.

"तपकीर धरतोस न्हवं, तशी धर," सुभेदार म्हणायचे.

"मी तपकीर ओढत न्हाई."

"मग हळद इकतोस की. चिमूटभर हळद कशी धरतोस?"

"आमी पोत्यानं इकतो," अण्णा म्हणायचे, आणि अंगठ्यानंच उडवायचे.

एवढंच असतं तर बरं झालं असतं.

* * *

सुभेदारांच्या डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून नाही. नवीन माणूस माळावर आला की त्याचं लक्ष तिकडं जातंच, आणि सुभेदार म्हटल्यावर तो हळूच विचारतो, "लढाईत गेलं का?"

"लढाईत न्हाई," सुभेदार सांगतात. "घाईत."

मी तिथं होतो. थंडीतली सकाळ होती. सुभेदारांनी ट्रान्समीटर पट्ट्यानं गळ्यात अडकवला होता आणि अंगात जाड स्वेटर होता. विमानाला बॅटरी जोडून झाली होती. पुढचं चाक जरा वाकडं दिसलं म्हणून ते तसेच वाकले. स्वेटरचं बटण डाव्या दांडीला लागलं आणि दांडी वर सरकली. मोटर एकदम फिरली आणि पुढचा पंखा बोटावर आला.

ओरडले नाहीत. हात काखेत दाबून धरला आणि मला म्हणाले, "आधी बॅटरी काढ."

मी बॅटरी काढली. मग त्यांनी हात काखेतून काढला. तुकडा सापडला, रुमालात घेतला, मोटरसायकलवरून दवाखान्यात नेला, पण जोडता आला नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत अंगावर ओरखडा नाही म्हणून या माणसाला गावात मान होता. घरी गेल्यावर वहिनींनी हाताकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "आता सुटला न्हवं नाद?"

तीन आठवड्यांनी ते माळावर हजर. डावी दांडी अंगठा आणि मधल्या बोटात. पुन्हा पहिल्यापासून शिकले. त्या दिवसापासून आमच्यात बॅटरी जोडायच्या आधी ट्रान्समीटर गळ्यातून काढून जमिनीवर ठेवायचा, हा नियम आहे. नियम कुठंही लिहिलेला नाही. ते बोट बघितलं की आठवतो.

* * *

डॉक्टरांचं विमान त्यांच्या वडिलांनी बांधलं होतं. म्हातारबाबा मूळचे सुतारकाम करणारे. पुढं अंथरुणाला खिळले, पण हात चालू होते. डॉक्टर त्यांना बाल्साच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या आणून द्यायचे आणि म्हातारा उशीला टेकून त्या घासायचा. पंखाच्या एकेक फासळीला आठवडा लागायचा. जवळजवळ दीड वर्ष ते काम चाललं. शेवटच्या महिन्यात नजर गेली होती, तरी बोटानं चाचपून घासत होते. विमान पुरं झालं आणि ते गेले. उडालेलं त्यांनी बघितलं नाही.

दिवस-कार्य झाल्यावर डॉक्टर विमान घेऊन माळावर आले. त्यांचा जुना ट्रान्समीटर बिघडला होता, म्हणून पुण्याहून कुणाचा तरी वापरलेला आणला होता. त्याच्या दांड्या उलट्या होत्या. मोटर उजवीकडं, वर-खाली डावीकडं. डॉक्टरांना हे माहीत होतं. घरी दोन दिवस सराव केला होता.

"आज नको," सुभेदार म्हणाले. "तुमचा दुरुस्त झाल्यावर उडवा."

"आज बाबांचा वाढदिवस आहे," डॉक्टर म्हणाले.

विमान उचललं. सुंदर उचललं. आणि घरापेक्षा जरा उंच गेल्यावर वाऱ्यानं त्याचं नाक खाली दाबलं. नाक खाली गेलं की आमचा उजवा हात आपोआप दांडी मागं ओढतो. डॉक्टरांनी ओढली. त्या ट्रान्समीटरवर ती मोटरची दांडी. मोटर बंद झाली आणि विमान दगडासारखं आलं.

"डोक्याला माहीत होतं," डॉक्टर नंतर म्हणाले, "हाताला माहीत नव्हतं."

आम्ही तुकडे गोळा करत होतो. डॉक्टर एक फासळी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "ही एक त्यांनी वाकडी बसवली होती. दिसत नव्हतं ना त्यांना. मी म्हटलं होतं, नंतर गुपचूप बदलून टाकू." त्यांनी तिच्यावरची माती पुसली. "तेवढीच शाबूत आहे."

ती त्यांच्या दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली आहे. दात काढायला आलेले पेशंट विचारतात, हे काय आहे म्हणून.

* * *

उन्हाळ्यात माण तालुक्याकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरलेले असतात. माळाच्या खालच्या अंगाला एका कळपाचा मुक्काम होता. मेंढरं लांब होती, म्हणून आम्ही उडवत होतो. चूक इथंच झाली. मेंढरं एका जागी कुठं थांबतात?

अण्णांचं विमान मोठं, दोन मीटर पंखांचं. ऊन तापलं होतं. अण्णांनी विमान कळपाच्या बाजूनं वळवलं, आणि वळणातून वर काढताना घामानं त्यांचा अंगठा दांडीवरून निसटला. दांडी झटकन मधोमध गेली. अंगठा परत जागेवर यायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ नव्हता.

आम्ही पळत गेलो. एक मेंढी पडली होती, मान मोडलेली. शेजारी विमानाचा पुढचा भाग. एक धनगरीण आधीच तिथं पोचली होती. साठीची असेल. ती खाली बसली आणि तिनं मेंढीच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गाभण हुती," ती म्हणाली. मग आमच्याकडं बघून, "कुणी केलं?"

मी काहीतरी सांगायला लागलो, वारा, ऊन वगैरे. अण्णांनी मला बाजूला केलं. "मी केलं, बाई. माझा अंगठा सरकला."

बाईनं त्यांच्या अंगठ्याकडं बघितलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. "एवढ्याशा अंगठ्यानं?" म्हणाली.

तिच्या घरच्यांशी बोलून आम्ही जे भरून द्यायचं ते दिलं. त्याचा विषय तिथं संपला. अण्णांचा संपला नाही. ज्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, एखादा किडा पोटात जाईल म्हणून, त्या घरातला माणूस तो. तीन दिवस अण्णांनी नुसत्या पाण्यावर काढले. आम्ही समजलो, आता हे यायचे नाहीत.

महिन्याभरानं गाडी आली. मागच्या सीटवर विमान नव्हतं. अण्णा उतरले, आणि सुभेदार उडवत होते त्यांच्या पाठीला पाठ लावून उभे राहिले. तोंड माळाकडं. वाट, बांध, जनावरं, माणसं बघत.

"अण्णा, विमान वर आहे," मी म्हटलं.

"वर बघाय तुमी तिघं हायसा," अण्णा म्हणाले. "खाली कुणीच न्हवतं."

त्यानंतर अण्णांनी दांडीला हात लावला नाही. पण रविवार चुकवला नाही. आमच्या विमानाचा पुन्हा कुठल्या जिवाला धक्का लागला नाही, ते त्यांच्यामुळं.

* * *

सुभेदारांचं विमान आमच्यात सगळ्यात गुळगुळीत चालायचं. हवेत रेघ मारल्यासारखं. एका सकाळी ते समोरून गेलं तेव्हा त्याचे पंख बारीक बारीक हलत होते. पिंपळाचं पान हलावं तसे.

"वारा हाय जरा," सुभेदार म्हणाले.

लांब कारखान्याची चिमणी दिसत होती. तिचा धूर सरळ वर चालला होता, ओळंबा सोडल्यासारखा. आम्ही तिघांनी तो बघितला. विमान उतरल्यावर डॉक्टरांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, आणि कपातला हिंदकळणारा चहा डॉक्टर बघत राहिले.

"सुभेदार, एकदा साताऱ्याला येऊन दाखवा."

"माझं दात ठणठणीत हायत."

"दात नाही," डॉक्टर म्हणाले.

कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

यानंतर मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण किस्सा माझा आहे, म्हणून मीच सांगतो. ट्रान्समीटरमध्ये एक सोय असते. दांडी थोडीशी हलली तर विमानानं तिकडं लक्षच देऊ नये, असं करता येतं. एका रविवारी सुभेदार लघवीला गेले तेव्हा मी त्यांच्या ट्रान्समीटरमध्ये ते आकडे बदलले. त्यांना सांगितलं नाही. मला वाटलं, मानी माणूस आहे, कशाला दुखवायचं?

दोन रविवार विमान पुन्हा रेघ मारत गेलं. सुभेदारांचा चेहरा बघण्यासारखा होता. "गोळ्या लागू पडल्या रं," मला म्हणाले. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी आडवा वारा सुटला. उतरताना दांडी जराशीच द्यायची होती, त्यांनी बरोबर तेवढीच दिली, आणि विमानानं ऐकलं नाही. ते बाभळीत गेलं. सुभेदारांनी ट्रान्समीटरकडं बघितलं. आयुष्य लष्कराच्या सिग्नलमध्ये, बिनतारी यंत्रांवर गेलेलं. दोन बटणं दाबून आकड्यांपर्यंत पोचले.

"कुणी केलं हे?"

"मी."

त्यांनी आकडे पहिल्यासारखे केले. मग म्हणाले, "औषधाचा गुण आला म्हणून मी घरात सांगितलं, दिलीप. तिनं देवाला नारळ फोडला."

ट्रान्समीटर पिशवीत घातला आणि चालत घराकडं गेले. विमान झाडातच राहिलं. ते मी उतरवलं, दुकानात टांगलं आणि रोज त्याच्याकडं बघत मोटारी भरत बसलो.

* * *

पाच महिन्यांनी वहिनी दुकानात आल्या. माळावर त्या कधी आलेल्या नव्हत्या, दुकानातही नव्हत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "भावजी, ते रोज सकाळी अंगणात रिमोट घेऊन बसत्यात. चालू करत न्हाईत. नुसत्या दांड्या धरत्यात. मला बघवंना. त्यांचं विमान नीट झालंय का?"

"झालंय."

"मग रविवारी घिऊन येते त्यास्नी."

रविवारी दोघं आले, रिक्षानं. सुभेदारांना उतरायलाच पाच मिनिटं लागली. माझ्याशी बोलले नाहीत. ट्रान्समीटरमधले आकडे एकेक करून तपासले. सगळे मूळचे होते. मग मान हलवली.

"मी शेजारी थांबतो," मी म्हटलं. "वाटलं तर माझ्या हातात द्या."

"बघू," म्हणाले. पाच महिन्यांतला पहिला शब्द.

विमान उडालं. पण पंख आता बारीक हलत नव्हते, हेलकावे खात होते. पहिल्या फेरीला ते बाभळीच्या शेंड्याला घासून गेलं. अण्णा, जे कधी वर बघत नाहीत, त्यांनी वर बघितलं. दुसऱ्या वळणाला ते पडणार हे सगळ्यांना कळलं. मी हात पुढं केला. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा वहिनी पुढं आल्या. नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या दोन्ही मनगटांखाली आपले दोन्ही तळहात दिले. भाकरीचं पीठ मळून घट्ट झालेले हात. वाटेवर दोन मोटरसायकलवाले थांबून बघत होते. वहिनींची मान खाली होती.

"लोक बघत्यात," त्या पुटपुटल्या.

"बघू दे," सुभेदार म्हणाले.

विमान सरळ झालं. एकदम नाही, हळूहळू, पाणी निवळावं तसं. त्यांनी चार फेऱ्या मारल्या. चौथीला लांबून खाली आणलं, वेग कमी केला, चाकं मुरमाला लागली, विमान थोडं पळालं आणि आमच्यापासून वीस पावलांवर येऊन थांबलं. पंखा फिरायचा बंद झाला.

वहिनींची पाठ विमानाकडं होती. त्यांची नजर त्या हातांवरच होती.

"उतरलं का वो?" त्यांनी विचारलं. "सोडू?"

सुभेदार थांबलेल्या विमानाकडंच बघत होते.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून वर हाय."