मधे बाबा होते

माझ्या जन्माच्या आधीपासून बाबा ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातल्या एका दुकानात साफे बांधतात. तिथे नवरदेवाचे आणि वऱ्हाडाचे साफे डोक्याच्या मापाने बांधून, टाके घालून तयार मिळतात. पूर्वी आमच्या घरातली माणसं फौजेत होती म्हणे. बाबांच्या हाती कापड आलं. त्याच कापडावर मी, तेव्हा आम्ही राहायचो त्या जवळच्या डबऱ्याच्या सरकारी शाळेतून ग्वाल्हेरच्या कॉलेजात पोचलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. आता इथल्याच जयेंद्रगंज भागात एका लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात काम करतो.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बाबांच्या दुकानासाठी काहीतरी करावं. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सेठजी म्हणतो, त्यांनी सोशल मीडियावर दुकानाचं एक पेज उघडलं होतं. बाहेरगावचे लोक तिथे शेरवानीचा फोटो पाठवत, लग्नाची तारीख लिहीत आणि जुळणारा साफा मागत. इतक्या संदेशांत ऑर्डरी हरवून जायच्या. मी एक प्रोग्राम लिहिला. तो पेजवरचे संदेश उचलायचा, तारखेप्रमाणे लावायचा आणि दुकानातल्या फोनवर दाखवायचा. बाहेरच्या प्रोग्रामना आत येता यावं म्हणून अशा कंपन्या एक दरवाजा ठेवतात. आमच्या धंद्यात त्याला एपीआय म्हणतात. माझं सगळं काम त्या दरवाज्यावर उभं होतं.

मग कंपनीने एक दिवस तो बंद केला. एक ईमेल आला, त्यात आमच्यासारख्यांचे आभार मानले होते. देशभरातल्या माझ्यासारख्या पोरांची कामं त्याच दिवशी बंद पडली. "मुफ़्त की चीज़ थी, गई," एवढंच सेठजी म्हणाले आणि संदेश वाचायला एक मुलगी ठेवली.

गेल्या वर्षी कंपनीने तो दरवाजा पुन्हा उघडला. नवं नाव, नवे नियम, आणि वर एक लांबलचक निवेदन: आम्ही चुकलो, तुमचा विश्वास आम्हाला परत मिळवायचा आहे. आम्हा प्रोग्रामरांच्या ग्रुपवर कुणी खूश झालं, कुणी शिव्या दिल्या. ऑफिसातला माझा जोडीदार म्हणाला, "देख भाई, जो एक बार सास के कहने पे मायके चली गई, वो फिर जाएगी." मी हसलो, पण नियम नीट वाचून काढले. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं की कंपनी कुणाचीही परवानगी केव्हाही, कारण न देता, काढून घेऊ शकते.

संदेश वाचणारी मुलगी लग्न होऊन गेली होती. सेठजींना कापडाची मोठी खरेदी करायची होती. देवउठनी ग्यारसपासून, म्हणजे कार्तिकी एकादशीपासून, लग्नं सुरू होतात आणि बाहेरच्या ऑर्डरी किती येणार, यावर किती थान, म्हणजे कापडाचे तागे, उचलायचे ते ठरतं. त्यांनी मला दुकानात बोलावलं. बाबा बाजूलाच लाकडी मुंडक्यावर साफा बांधत बसले होते.

दरवाजा पुन्हा उघडलाय, हे मी सांगितलं. सेठजींनी ऐकलं आणि विचारलं, "बीच में कौन है?"

हा आमच्या गल्लीतला प्रश्न आहे. इथे बरेच व्यवहार कागदावर होत नाहीत. दोघांच्या मधे एक माणूस उभा असतो. त्याला काही मिळत नाही. व्यवहार फिसकटला तर दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. आणि असा फिसकटला की मग त्याला कुणी मधे घेत नाही. बाबांना सगळी गल्ली मधे घ्यायची. थानवाला आणि दुकानदार, शिंपी आणि कारागीर, कुणाचंही असो. शिक्षण नाही, जमीन नाही, बाबांच्या नावावर असं तेवढंच होतं.

मी म्हणालो, "कोई नहीं है, सेठजी. एक फॉर्म है, भरो तो मशीन जवाब देती है. पिछली बार भी यही था. मेरी मानो तो इसके भरोसे थान मत उठाना."

"मतलब जिसने शटर गिराया, वही अब चाय को बुला रहा है."

"यही समझ लो."

"तो फिर तू बनाएगा क्यों?"

"आप कहोगे तो बना दूँगा. पर भरोसा नहीं दे सकता."

बाबांनी दातात धरलेलं कापडाचं टोक सोडलं. "बीच में मैं हूँ, सेठजी."

मी मराठीत म्हटलं, "बाबा, तुम्ही कशाला? त्या कंपनीला आपण ओळखत पण नाही."

"तुला ओळखतो ना," बाबा म्हणाले आणि पुन्हा साफ्याकडे वळले.

सेठजी हसले. "भाऊ, अब तू बीच में है तो बात ही ख़तम." त्यांनी थान उचलले.

ग्यारस झाली आणि ऑर्डरी येऊ लागल्या. मी पुन्हा लिहिलेला प्रोग्राम नीट चालत होता. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवायचे, "लड़के ने बनाया है." मग ऐन सराईत एका सकाळी यादी रिकामी दिसली. कंपनीचा संदेश होता की आमची परवानगी तपासणीखाली आहे. मी फॉर्म भरला. दुकानाचे कागद मागितले, दिले. पुन्हा तेच कागद मागितले, पुन्हा दिले. उत्तर येई, पण त्याखाली कुणाचं नाव नसे. पेजवरचे संदेश एकेक करून वाचायला मी ऑफिसातून सुट्टी घेतली. पण तोवर ज्यांना उत्तर गेलं नव्हतं ते दुसरीकडे गेले होते. सेठजींच्या दानाओलीतल्या गोदामात थान तसेच पडून राहिले.

सेठजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बाबांना पहिल्यापासून "भाऊ, तू" म्हणायचे, ते "भाऊसाहब, आप" म्हणू लागले. पुढे थान परत करायची बोलणी झाली तेव्हा मधे बसायला बाजूच्या दुकानातल्या एकाला बोलावलं. बाबा तिथेच होते. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं. त्यानंतर गल्लीत त्यांना कुणी मधे घेतलं नाही.

सराई संपल्यावर परवानगी परत मिळाली. कारण दिलं नाही. सेठजी म्हणाले, "लगा दे, जब तक चले." त्यांना आता त्यावर भरवसाच ठेवायचा नव्हता, त्यामुळे अडचण नव्हती.

त्या रविवारी घरी बाबांनी मला ते नियम वाचायला सांगितले. मी मराठीत सांगत गेलो. तिसऱ्या पानावर त्यांनी थांबवलं.

"हे आधीपासून लिहिलेलं होतं?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"बाबा, मी दुकानात सांगितलं होतं. तुमच्यासमोर. भरवसा नाही देऊ शकत म्हटलं होतं."

आमच्या घरात आपल्या कामाची तारीफ आपण करायची नाही, अशी शिकवण आहे. बाबांनी आयुष्यात कधी म्हटलं नाही की हा साफा चांगला झालाय. नेहमी म्हणतात, जमलाय बेताचा. मीही तसंच बोलायला शिकलो. परीक्षेत पहिला आलो तेव्हासुद्धा पेपर सोपा होता म्हणालो होतो.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तू आपल्या घरात बोलतात तसं बोलतोयस. कमी करून."

"नाही बाबा. ते खरंच तेवढंच होतं."

"हं."

आई आतून चहा घेऊन आली आणि आमच्यापुढे ठेवून गेली.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी नाही म्हटलं तर नाहीच समजा."

"समजेन," बाबा म्हणाले. "पण आता पुढच्या वेळी मला विचारणार कोण?"

तक्रार अशी नव्हती त्यात. त्यांनी चहा घेतला, कपाट उघडलं आणि सोमवारी न्यायचं कापड बाहेर काढून ठेवलं.