पगाराला हात न लावता

पन्नाशी ओलांडली आणि मला नोकरी सोडावीशी वाटू लागली. शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींच्या एका दुकानात मी बिलं करायचे. काम वाईट नव्हतं, पण दिवसभर बसून पाठ बोलायला लागली होती. मिस्टर निवृत्त झाले होते, पण त्यांना पेन्शन नव्हती. वरच्या मजल्याचं भाडं यायचं आणि बँकेतल्या ठेवींचं व्याज. तेवढ्यावर दोघांचं भागेल का, हे बघायचं होतं.

एका संध्याकाळी मिस्टरांनी मोबाइलवर बेरीज केली. किराणा, दूध, वीज, गॅस, औषधं.

"तीस हजार येतात, अठ्ठावीस जातात. सोड की उद्याच!"

मला ते इतकं सोपं वाटेना. म्हटलं, "तीन महिने माझ्या पगाराला हात लावायचा नाही. जगून बघू, मग ठरवू."

पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटलो. गगनबावड्याला भाच्याचं लग्न निघालं. आहेर झाला, गाडीभाडं झालं. परत येऊन बघतो तर घरची मोटर जळालेली. महिना संपायच्या आतच पगारातले पैसे काढावे लागले. आता साठीपर्यंत बिलंच करायची, या विचाराने मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

मग मेथी निवडताना चूक ध्यानात आली. आम्ही महिन्याचा खर्च धरला होता, वर्षाचा धरलाच नव्हता. लग्नं, घरफाळा, विम्याचा हप्ता, दुरुस्त्या हे दरवर्षी असतंच. ते बाराने भागून मिळवलं तर खर्च पस्तीसवर गेला. शिवाय भाव वाढणार आणि व्याज आहे तिथंच राहणार, म्हणून दरमहा तीनेक हजार परत ठेवीत टाकायला हवे होते. उलट रिक्षा, आणि दमून आल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण, हे दोन हजार नोकरीमुळेच जात होते, ते वाचणार होते.

"म्हणजे छत्तीस लागतात," मी म्हटलं. "सहा हजार कमी पडतात."

मिस्टर हसले. "मग सहा हजारांसाठी अख्खी नोकरी कशाला करतेस?"

पुढचे दोन महिने पगारातले सहाच हजार घेऊन काढले. ओढाताण झाली, पण भागलं. मग मी मालकांकडे गेले आणि म्हटलं, आठवड्यातून तीनच दिवस येते, पगार अर्धा द्या.

मालक बघतच राहिले. "पगार कमी करा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच की ओ! तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. ती तशीच राहावी म्हणून तर आलेय."

मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून ते म्हणाले, "सोमवार ते बुधवार या. पण मार्चात पुरा महिना पायजे."

अर्धा पगार म्हणजे नऊ हजार. वर राहतील ते तीन हजारही ठेवीत टाकायचं आम्ही ठरवलं. असंच चाललं, तर काही वर्षांत तेवढ्या नोकरीचीही गरज उरणार नव्हती.

पहिल्या मोकळ्या गुरुवारी मी एसटीने कुरुंदवाडला थोरल्या बहिणीकडे गेले. कामाच्या दिवशी, तेही न कळवता, मी कधीच आले नव्हते. दार उघडताच तिचा चेहरा उतरला.

"अगं बाई, कोण गेलं?"

"कुणी न्हाय गेलं. मीच आलेय, जेवायला."

तिने आधी मला एक धपाटा घातला आणि मग चुलीवर वांगी भाजायला ठेवली.