तीन मिस कॉल

मी मोबाईलवर लिहितो. म्हणजे मोबाईल या विषयावर. कोल्हापुरातल्या एका दैनिकात दर गुरुवारी माझा कॉलम येतो. कुठला फोन घ्यावा, कुठला घेऊ नये, बॅटरी का फुगते, नवीन प्लॅनच्या नावाखाली कंपन्या आपली कशी बिनपाण्यानं हजामत करतात, असलं सगळं. पोटापाण्यासाठी राजारामपुरीत कॉम्प्युटरचे क्लास घेतो, कॉलम ही हौस. पण त्या हौसेनं माझ्या डोक्यात जरा जास्तच हवा गेली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. चहाच्या गाड्यावर उभा राहिलो तरी कोणीतरी फोन पुढं करायचं. "पावणं, जरा बघा की, सारखा अडकतोय." मी दोन ठिकाणी बोट लावायचो, फोन सुधारायचा आणि माझी छाती फुगायची.

अख्ख्या गावाला मी मोबाईल शिकवला, पण माझ्या आईपुढं माझी डाळ कधी शिजली नाही. वडील, आमचे आण्णा, गेल्यावर ती गडहिंग्लजला एकटीच राहायची. "तुझ्या त्या फ्लॅटात मला करमत न्हाय. खाली उतराय जिना, वर चढाय जिना, बोलाय कुत्रं न्हाय," एवढंच तिचं उत्तर. चांगला मोठ्या स्क्रीनचा फोन नेऊन दिला, तर तिनं तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि वर रुमाल झाकला. धूळ बसंल म्हणे. वापरायची तो जुना बटणाचाच, आकडे पुसून गेलेला.

आणि तोही बोलायला नाही. मिस कॉल द्यायला. आमची ही पद्धत मी पुण्यात शिकायला होतो तेव्हापासूनची. तेव्हा मिनिटाला पैसे पडायचे, म्हणून आईनंच नियम घालून दिला होता. एक मिस कॉल म्हणजे बरं आहे. लागोपाठ दोन म्हणजे तू फोन कर. तीन म्हणजे ये. आणि उचलायचा नाही. चुकून एकदा उचलला तर "कशाला उचललास रं, गेलं की पैसं" म्हणून तिनं मला त्याच कॉलवर पाच मिनिटं झापलं होतं.

पुढं सगळं फुकट झालं, म्हणजे एकदा रिचार्ज केलं की कितीही बोला. मी तिला शंभरदा सांगितलं, आई, आता बोलत जा, पैसे पडत नाहीत. ती म्हणाली, "फुकट हाय म्हणून बोलत बसायचं व्हय? बोलाय काय तरी असाय लागतंय." रोज सकाळी सहा-सव्वासहाला तिचा चहा चुलीवरून उतरला की माझा फोन एकदा वाजून बंद व्हायचा. मी अंथरुणातच कूस बदलायचो. आई बरी आहे, दिवस सुरू. इतक्या वर्षांत दोन मिस कॉल पुष्कळदा आले, डाळीत किडे झालेत इथपासून नळाला पाणी नाही इथपर्यंत. तीन एकदाच आले होते, आण्णा गेले त्या दिवशी.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट.

त्या महिन्यात फालतू फोनांनी जीव नकोसा केला होता. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, तुमचं पार्सल अडकलंय, तुमचं सिम बंद होणार आहे. क्लासमध्ये फळ्यावर काही लिहायला वळावं आणि खिशात घुंईऽऽ. उचलावं तर कोणीतरी रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात बोलायला लागायची, आणि तिला शिव्या देऊनही उपयोग नाही, कारण ती बाई नाहीच! त्यात ती एका रिंगेत तुटणाऱ्या कॉलची भानगड. आपण उलटा फोन करावा म्हणून लावलेला गळ. माझ्या नव्या फोनमध्ये यावर एक सोय होती. ती सुरू केली की सेव्ह नसलेल्या नंबरचा फोन वाजतच नाही, गुपचूप एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. सोमवारी रात्री जेवण झाल्यावर मी ती सुरू केली आणि बसल्या बैठकीला कॉलम लिहून काढला. त्यात छाती ठोकून लिहिलं, की ज्याला खरंच तुमच्याशी काम आहे त्याचा नंबर तुमच्याकडं असतोच. बाकीच्यांची चिंता करू नका. खुशाल शांत बसा.

मंगळवारी सकाळी फोन वाजला नाही. मला जाग आली ती सातला, आणि फार बरं वाटलं. आईचा मिस कॉल आला नाही हे चहा पिताना लक्षात आलं, पण म्हटलं विसरली असेल. बुधवारीही वाजला नाही तेव्हा मीच फोन लावला.

"मिस कॉल का नाही दिलास?"

"दिला की! काल बी दिला, आज बी दिला. तुझ्याच फोनचं काय तरी बिघडलंय बघ."

आणि मी, मोबाईलचा मोठा जाणकार, काय म्हणालो? "माझा फोन नवाकोरा आहे आई. तुझ्याकडं रेंजचा घोळ असेल."

"असंल बाबा," ती म्हणाली. "तुला त्यातलं कळतंय."

तेवढंच आमचं शेवटचं धड बोलणं. एवढी सरळ गोष्ट तिनं सांगितली होती, फोन बघ म्हणून. कप्पा उघडून बघायला मला किती वेळ लागला असता? पण बटणाचा फोन वापरणारी बाई मला शिकवणार, हे माझ्या टाळक्यात शिरतच नव्हतं.

गुरुवारी कॉलम छापून आला. सकाळी आठचा क्लास संपवून मी गाड्यावर चहाला गेलो. तिथं दोघातिघांनी सांगितलं, झकास लिहिलंय, लगेच सुरू केलं बघा. मी एका गृहस्थाला माझा फोन दाखवत होतो, बघा, सकाळपासून एकदासुद्धा वाजलेला नाही. तेवढ्यात बायको स्कूटीवरून आली. मला फोन करायचं सोडाच, गाडी स्टँडवर लावायचंही तिला भान नव्हतं. गडहिंग्लजहून शेजारच्या अक्कांनी शेवटी तिला फोन केला होता. आईचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही, तिथल्या दवाखान्यात नेलंय.

गाडीत बसल्यावर मी तो कप्पा उघडला. शेजारच्या अक्कांचे सात कॉल. त्याखाली आईचा नंबर. सहा वाजून बारा मिनिटं, तेरा मिनिटं, चौदा मिनिटं. तीन.

तो नंबर मी कधी सेव्हच केला नव्हता. आपल्या आईचा नंबर कोण सेव्ह करतं हो? तो तोंडपाठ होता. स्क्रीनवर ते दहा आकडे दिसले की मला तिचं तोंड दिसायचं, वर नाव कशाला पाहिजे? जगात मला एकच नंबर पाठ आहे, आणि माझ्या फोनच्या लेखी तोच अनोळखी.

गडहिंग्लजला पोहोचलो. दवाखान्याच्या दारात अक्का उभ्याच होत्या. त्यांचं किराणा दुकान आमच्या घराला लागून आहे, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. मला बघून त्या रडायलाच लागल्या. "नऊला मी ताक द्यायला गेले. बघते तर तुमची आई दारात खुर्ची टाकून बसलेली. धुतलेलं लुगडं नेसलेली, पिशवी मांडीवर. तोंड बघून मी घाबरले. म्हटलं, काय झालं, चला डॉक्टरकडं. तर हलायलाच तयार न्हाईत. जीभ जड झालेली, पण बोटं दाखवून सांगत होत्या. तीन दिलेत, तीन दिलेत. येतोय त्यो."

जवळजवळ तीन तास ती तशी बसली होती. हाक मारली असती तर भिंतीपलीकडं अक्का होत्या. पण तिनं हाक मारली नाही, कारण तिनं तीन दिले होते.

तिथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला हलवायला सांगितलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, बघितले आणि विचारलं, सुरुवात किती वाजता झाली? मी म्हणालो, सहा वाजून बारा मिनिटांनी. इतकं नेमकं कोणी सांगत नाही, त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "लवकर आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं." त्यांनी ते नेहमीच्या सुरात सांगितलं, दिवसातनं दहा जणांना सांगत असतील.

आई वाचली. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणतात, ऐकू सगळं येतं, समजतं किती ते सांगता येत नाही.

मला चिडायचं होतं, पण कोणावर चिडू? फोन बनवणाऱ्या कंपनीला तक्रार लिहिली. दोन मिनिटांत यंत्राचं उत्तर आलं, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, आपली अडचण सुटली का? हो किंवा नाही दाबा. मी नाही दाबलं. त्यांनी आभार मानले. मग मी कॉलममध्ये सगळं खरं लिहायचं ठरवलं, तर संपादक म्हणाले, "अहो, फार वैयक्तिक होतंय. आधी घरच्यांचे नंबर सेव्ह करा, एवढी एक ओळ टाका, बास. या आठवड्यात तो घडी घालायचा फोन येतोय त्यावर लिहा." मी ती एक ओळ टाकली आणि घडीच्या फोनवर लिहिलं. मला तरी दुसरं काय येतं?

अजूनही लोक भेटतात. परवा एक म्हातारे काका मुद्दाम रस्ता ओलांडून आले. "मास्तर, तुमच्यामुळं दुपारची झोप लागतीय बघा. फोन वाजतच न्हाय." मी त्यांचा हातच धरला. म्हटलं, काका, पोरांचे नंबर सेव्ह आहेत न्हवं? ते हसले. "पोराचा नंबर कशाला सेव्ह कराय लागतोय? पाठ हाय की." मी भर रस्त्यात त्यांचा फोन घेऊन ते सगळं बंद केलं. काका नाराज झाले. त्यांना वाटलं, मास्तरांनी फोन बिघडवला.

आई आता आमच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत असते. तिचा बटणाचा फोन तिच्या डाव्या हाताशी ठेवलाय. पहिले काही दिवस ती नुसती त्याच्याकडं बघायची. मग एका सकाळी, सहा-सव्वासहाला, माझा फोन एकदा वाजून बंद झाला. मी अंथरुणातच बसून रडलो. बायको म्हणाली, अहो, रडताय काय, त्यांनी बरं आहे म्हणून कळवलंय. खरं होतं. एका भिंतीच्या अंतरावरून आई मला बरं आहे म्हणून कळवत होती. दोन आले की आम्ही पळत जातो, पाणी असतं किंवा कूस बदलायची असते.

गेल्या महिन्यात दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होतो आणि तीन आले. मी उठून आत गेलो. "आलो गं आई. काय पाहिजे?" तिनं माझ्याकडं बघितलं नाही. डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. माझ्या हातातला फोन वाजला. आता त्यावर नाव येतं, आई. बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला, पुन्हा वाजला. पाणी दिलं, नको. कूस बदलली, नको. "अगं, आलोय की मी! हा बघ, तुझ्यासमोर उभा आहे." तिची नजर खोलीच्या दाराकडं. अंगठा पुन्हा बटणावर. मी शेजारी बसून होतो आणि ती मला बोलावत होती. इथं नाही, गडहिंग्लजला, त्या खुर्चीपाशी. तिथं मी अजून पोहोचलेलोच नव्हतो.

किती वेळा तीन झाले मोजलं नाही. शेवटी मला सहन होईना. इतक्या वर्षांचा नियम मोडला आणि फोन उचलला. तिला ते कळलं. तिनं फोन हळूहळू कानाशी नेला. तिचा श्वास मला शेजारूनही ऐकू येत होता आणि कानातही.

"आई," मी फोनमध्ये म्हणालो, "निघालोय गं. येतोच."

तिनं ऐकलं. फोन पोटावर ठेवला, डोळे मिटले आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीन आले. आता रोज येतात. मी रोज उचलतो आणि रोज तेच सांगतो, निघालोय म्हणून.