छत दिराचं, हौद भावजयीचा

रुद्राणीचा नवरा त्र्याण्णवच्या भूकंपात गावच्या माळवदाच्या दगडमातीखाली गेला. तेव्हापासून लातुरात राहूनही तिनं डोक्यावर पत्राच ठेवला. स्लॅबखाली तिला झोप येत नसे. शेजारी तिच्या दिरानं, वीरण्णानं, कोचिंगच्या पोरांसाठी तीन मजली होस्टेल उठवलं आणि गच्चीच्या पाण्याचा पाइप तिच्या पत्र्यावर सोडला.

पावसात घरात बोललेलं ऐकू येईना. ती भांडायला गेली, तर तो हसला.

"वैनी, पाणी हाय ते, खालीच पडणार. लई तरास होत आसंल तर कोर्टात जावा."

ती कोर्टात गेली नाही. पत्र्याला पन्हाळ लावून तिनं अंगणात दहा हजार लिटरचा हौद बांधला. पहिल्या दोन सरी पत्रा धुऊन वाहू द्यायच्या, मगच पन्हाळीचं तोंड हौदाच्या जाळीवर धरायचं, हा तिचा नेम. त्या पाण्यावर धुणीभांडी निघत आणि वांगी-दोडके पिकत. ते विकूनच तिची चूल पेटे.

सोळा सालच्या एप्रिलात शहराला पाणी रेल्वेनं येऊ लागलं. परीक्षा तोंडावर, होस्टेलच्या टाक्या कोरड्या; रुद्राणीच्या हौदात मात्र जपून राखलेलं पाणी अजून होतं. पोरं बॅगा भरू लागली. वीरण्णा दोन गडी आणि पाणी उपसायची मोटार घेऊन तिच्या अंगणात शिरला.

"छत माझं, पाणी माझं."

"माझा पत्रा बडवत होतं तवा कुणाचं होतं, भावजी?"

"बाजूला व्हा."

"न्हाई होत. घागर मागितली असती तर दिली असती. मोटार लावू देणार न्हाई."

त्यानं तिला ढकललं. हौदाच्या कडेवर कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. ती उठली ती वाफ्यातलं खोरं घेऊनच. घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज गॅलरीतल्या पोरांनीही ऐकला.

"धरा रे तिला!" वीरण्णा बोंबलला. "पाइप टाका आत!"

गड्यांनी तिचे हात पिरगाळले. एकाच्या दंडाचा लचका तोडून ती सुटली आणि खोऱ्याच्या जाड पाठीनं हौदाच्या तळाचा नळच तिनं ठोकून तोडला. पाणी उसळून वाफ्यांत घुसलं. गडी हातांनी भोक दाबू लागले, तर तिनं त्यांच्या बोटांवर खोरं घातलं.

"वैनी, नका!" वीरण्णा ओरडला. "अवं, तुमचं बी चाललंय की!"

"जाऊ द्या."

हौद रिता होईपर्यंत तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मुळं उघडी पडलेली वांगी आठवड्यात वाळली.

त्याआधीच होस्टेलला कुलूप लागलं होतं. टँकरच्या रांगेत प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून वीरण्णा उभा असे, त्याच्या मागं कपाळावर सहा टाके घेऊन रुद्राणी. दोघंही आपापली घागर पायानं पुढं सरकवत.